‘अमिस्ताद’ चित्रपट आणि माणसांचा व्यापार: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

स्टीव्हन स्पीलबर्गचा ‘अमिस्ताद’ (१९९७) मी चार वेळा पाहिला, त्यांपैकी दोनदा मित्रमंडळी जमवून. चित्रपट संपून दिवे लागले की दर वेळी त्याच शंका निघतात, म्हणून उत्तरं एकदाच लिहून ठेवतोय. शेवट आधी कळलेला ज्यांना चालत नाही त्यांनी आधी चित्रपट बघून यावं. खाली सगळं सांगून टाकलंय.

चित्रपट नेमका कशाबद्दल आहे?

१८३९ साली क्युबाच्या किनाऱ्याने चाललेल्या ‘ला अमिस्ताद’ या स्पॅनिश गलबतावर विकत घेतलेली ५३ आफ्रिकन माणसं होती. त्यांनी बंड केलं, गलबत ताब्यात घेतलं, घराकडे निघाली आणि जाऊन लागली अमेरिकेच्या किनाऱ्याला. तिथे त्यांना तुरुंगात टाकलं आणि दीड वर्ष खटला चालला. खटल्याचा विषय काय, तर ही माणसं कुणाच्या मालकीची. स्पेनचं सरकार म्हणे आमच्या प्रजेची, दोन खरेदीदार म्हणत आमची. ज्या नौदल अधिकाऱ्यांनी गलबत पकडलं त्यांनीही ‘माल वाचवल्या’बद्दल वाटा मागितला. ‘अमिस्ताद’ म्हणजे स्पॅनिशमध्ये मैत्री. हे नाव पटकथाकाराला सुचलेलं नाही, गलबताचंच होतं.

गोष्ट खरी आहे का?

सांगाडा खरा आहे. होसे रुईझने हवानाच्या बाजारात ४९ पुरुष घेतले, पेद्रो मोंतेसने चार मुलं, त्यात तीन मुली. २८ जूनला गलबत निघालं, जुलै उजाडताच बंड झालं. कप्तान रामोन फेरेर आणि स्वयंपाकी सेलेस्तिनो मारले गेले. या स्वयंपाक्याने खुणा करून ‘तुम्हाला कापून खाणार आहेत’ असं सांगितलं होतं, असं बंदिवानांनी नंतर कोर्टात आणि बाहेरही सांगितलं. त्याने थट्टा केली असेल. पण आफ्रिकेतून उचलून आणलेल्या, एक शब्द न कळणाऱ्या माणसाला ती थट्टा कशी कळावी?

चित्रपट सुरू होतो तो अंधारात. घामाने भिजलेला एक चेहरा, ओली लाकडं आणि एका खिळ्याभोवती खरवडणारी बोटं. नखं रक्ताळतात, खिळा हलतो, पुन्हा अडकतो. खिळा निघेपर्यंत एकही संवाद नाही. हा बंडाचा म्होरक्या सिंके. त्याने खिळ्याने कुलूप उघडलं ही गोष्ट नोंदींतही येते.

पण १८३९ पर्यंत गुलामांचा व्यापार बंद झाला होता ना?

कागदावर झाला होता, आणि सगळा खटला या एका मुद्द्यावर उभा आहे, म्हणून इथे जरा थांबू.

ब्रिटनने १८०७ मध्ये व्यापारावर बंदी आणली. अमेरिकेत बाहेरून गुलाम आणायला १ जानेवारी १८०८ पासून बंदी. स्पेनने ब्रिटनशी १८१७ मध्ये करार केला आणि १८२० पासून आपल्या वसाहतींत आफ्रिकेतून नवीन माणसं आणायला मनाई केली. गुलाम बाळगायला मात्र मनाई नव्हती. क्युबात जन्मलेला किंवा बंदीच्या आधी आलेला गुलाम कायदेशीर, कालपरवा आणलेला बेकायदेशीर. उसाच्या मळ्यांना तर हात हवेच होते. मग रात्री माणसं उतरवायची, अधिकाऱ्याचा हात ओला करायचा आणि कागदांवर प्रत्येकाला एक स्पॅनिश नाव द्यायचं, म्हणजे तो जुना इथलाच वाटतो. जुन्याला ‘लादिनो’ म्हणत, ताज्या आलेल्याला ‘बोसाल’. सिंकेचं खरं नाव सेंगबे पिएह, आजच्या सिएरा लिओनमधल्या मेंडे जमातीचा. कागदावर त्याचा ‘होसे’ झाला.

थोडक्यात, कोर्टापुढचा प्रश्न ‘माणूस विकता येतो का’ हा नव्हताच. ‘हा कागद खोटा आहे का’ हा होता. चित्रपट बघताना हे डोक्यात ठेवलं तर त्यातली टाळ्यांची वाक्यं जरा वेगळी ऐकू येतात.

आफ्रिकेला निघालेलं गलबत अमेरिकेला कसं पोहोचलं?

बंडवाल्यांतल्या कुणालाही जहाज हाकायची विद्या येत नव्हती. येताना सूर्य कुठून उगवतो ते मात्र त्यांनी पाहिलं होतं. म्हणून मोंतेसला जिवंत ठेवून त्यांनी सांगितलं, सूर्याकडे चल. दिवसा तो मुकाट पूर्वेला नेई. रात्री तारे बघून नाक उत्तर-पश्चिमेला वळवी, कुणीतरी आपल्याला गाठेल या आशेवर. असं जवळजवळ दोन महिने चाललं. पाणी संपलं, माणसं मेली, शिडं फाटली. ऑगस्टच्या अखेरीला लाँग आयलंडच्या टोकाशी अमेरिकन नौदलाच्या ‘वॉशिंग्टन’ या जहाजाने त्यांना पकडलं. न्यूयॉर्कमध्ये गुलामगिरी संपली होती. गलबत नेलं शेजारच्या कनेटिकटमध्ये, तिथे ती अजून कायद्यात होती. बक्षिसाचा दावा लावायला कुठलं बंदर सोयीचं, हे त्या अधिकाऱ्यांना कळत नव्हतं असं मानायला मी तयार नाही.

जहाजाच्या तळातला प्रसंग अतिरंजित आहे का?

नाही. उलट पडद्यावर वास येत नाही, तेवढं कमीच आहे.

सिंके साक्ष देतो आणि आपण मागे जातो: गावाजवळ पकडणं, लोंबोकोचा कोट (आफ्रिकेच्या किनाऱ्यावर माणसं डांबून ठेवायची जागा), मग त्यांना क्युबाला आणणाऱ्या ‘तेसोरा’ या पोर्तुगीज जहाजाचा तळ. उघडी माणसं साखळीने जोडलेली, एकावर एक. एक बाई बाळंत होते आणि बाळ हातोहात वर पुढे सरकतं. मूठभर शिजवलेलं अन्न हातावर पडतं आणि लोक बोटं चाटतात. पुढे तीच का दुसरी, ठाऊक नाही, एक बाई बाळाला उराशी धरून काठावरून मागच्या मागे समुद्रात जाते. कुणी किंचाळत नाही, संगीतही वर चढत नाही.

बंदिवानांच्या स्वतःच्या जबान्या आहेत. ग्राबो आणि किंबो यांनी सांगितलं, दोन मजल्यांमधली उंची चार फुटांहून कमी होती, भात टाकला तर चाबूक बसे. सबंध अटलांटिक व्यापाराचा हिशेब इतिहासकारांनी जहाजांच्या नोंदींवरून मांडला आहे: सुमारे १ कोटी २५ लाख माणसं आफ्रिकेत चढवली, सुमारे १ कोटी ७ लाख पलीकडे उतरली. मधले अठरा लाख वाटेत गेले. आजच्या अमेरिकेच्या भूमीवर थेट आले ते यातले चार लाखांच्या आत. बाकीचे मुख्यतः ब्राझील आणि कॅरिबियन बेटांवर. हा आकडा ऐकून लोक नेहमी चमकतात, कारण गुलामगिरी म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर फक्त अमेरिकेतली कापसाची शेतं येतात, तीही सिनेमांमुळेच.

बेड्या घातलेल्या माणसांना समुद्रात का ढकलतात? विकायची होती ना?

हा प्रश्न हमखास येतो. चित्रपटात त्याचं उत्तर एक ब्रिटिश नौदल अधिकारी देतो. तो जहाजाची मालयादी हातात घेतो आणि त्यातल्या वजनाच्या नोंदीवर बोट ठेवतो: इथे ‘माल’ अचानक कमी झालाय. शिधा कमी पडला, म्हणून खाणारी तोंडं कमी केली. माझ्या मते सबंध चित्रपटातला सर्वांत भेदक प्रसंग हाच. समुद्रात फेकल्याचं दृश्य एकीकडे आणि वहीतली ती एक ओळ दुसरीकडे.

‘तेसोरा’वर नेमकं असं झालं याचा पुरावा खटल्यात आलेला नाही. पण कल्पनाही हवेतली नव्हे. १७८१ मध्ये ‘झाँग’ या ब्रिटिश जहाजावरून १३० हून जास्त जिवंत माणसं समुद्रात टाकली गेली. मालकांनी नंतर त्यांच्या विम्याचे पैसे मागितले आणि लंडनच्या कोर्टात दावा चालला तो विम्याचा, खुनाचा नाही.

तो अधिकारीही रचलेला आहे. खऱ्या खटल्यात क्युबातल्या चोरट्या व्यापाराची साक्ष दिली ती हवानात काम केलेल्या डॉ. रिचर्ड मॅडन या ब्रिटिश आयुक्ताने.

सुरुवातीला त्यांच्या बोलण्याला सबटायटल का नाहीत? माझी फाइल बिघडली आहे का?

फाइल ठीक आहे. आरंभीचं मेंडे बोलणं मुद्दाम तसंच सोडलंय. त्यांना इंग्रजी कळत नाही, आपल्याला मेंडे. दोघंही चाचपडतात. नंतर सबटायटल येऊ लागतात तेव्हा कळतं की ही माणसं मिशनऱ्यांची, वकिलांची चांगली टिंगल करत होती. तुरुंगाबाहेर भजन म्हणणारे लोक बघून ‘यांची तोंडं अशी का, बरं नाहीये का यांना?’ अशा चालीचं बोलणं होतं, तिथे आमच्याकडे सगळे हसले.

सिंके झालेला जायमन हून्सू स्वतः बेनिनचा. मेंडे ही त्याची भाषा नव्हे, शिकून बोललाय.

भाषेची खरी गोष्ट तर कादंबरीत शोभावी अशी. येल विद्यापीठातले जोसाया गिब्ज हे भाषेचे प्राध्यापक तुरुंगात गेले, बोटं दाखवून एक ते दहा आकडे शिकले आणि न्यूयॉर्कच्या धक्क्यांवर ते आकडे मोठ्याने म्हणत फिरू लागले. एका ब्रिटिश जहाजावरच्या जेम्स कोव्ही नावाच्या पोराने कान टवकारले. तोही मेंडे प्रदेशातला, लहानपणी पळवून विकलेला आणि ब्रिटिश आरमाराने सोडवलेला. हा प्रसंग चित्रपटात आहे. कोव्हीची भूमिका चिवेटेल एजिओफोरची, मोठ्या पडद्यावरचा त्याचा हा पहिला चित्रपट.

मॉर्गन फ्रीमनने केलेला जोडसन कोण होता?

कुणीच नाही. काल्पनिक पात्र. त्या काळी गुलामगिरीविरुद्ध लढणारे सुशिक्षित, सधन कृष्णवर्णीय उत्तरेत होते, त्यांची आठवण म्हणून घातलेलं. पण फ्रीमनसारखा नट घेऊन त्याला बहुतेक वेळ नुसतं गंभीर चेहऱ्याने उभं केलंय. ज्यांच्या आठवणीसाठी पात्र रचलं, त्यांच्या कामाचा पत्ता त्यातून लागत नाही.

वकील बाल्डविन खरंच असा पोरगेलासा, धंद्याच्या शोधात फिरणारा होता?

छे. मॅथ्यू मॅकॉनहेने रंगवलेला बाल्डविन मालमत्तेच्या भांडणांवर जगणारा होतकरू वकील आहे. खरा रॉजर शर्मन बाल्डविन तेव्हा चाळिशी ओलांडलेला, नावाजलेला, आधीपासूनच गुलामगिरीच्या विरोधात, आणि पुढे कनेटिकटचा गव्हर्नर झालेला माणूस.

यापेक्षा मला खटकतं ते लुईस टॅपनचं चित्र. पैसा गोळा करणारा, समिती काढणारा, शेवटपर्यंत मागे लागलेला हा व्यापारी. चित्रपटात त्याच्या तोंडी ‘मेले तर चळवळीला जास्त उपयोगी’ अशा अर्थाचं बोलणं घातलंय. हा अन्याय आहे, आणि अन्यायावरच्या चित्रपटात आहे.

न्यायाधीश मध्येच बदलला, हे खरं आहे?

नाही. चित्रपटातला तरुण कॅथलिक न्यायाधीश रचलेला. खऱ्या जिल्हा न्यायालयात शेवटपर्यंत अँड्र्यू जडसन होते, आणि खरी गोष्ट जास्त रंजक आहे. याच जडसननी १८३३ मध्ये कृष्णवर्णीय मुलींसाठी शाळा चालवणाऱ्या प्रुडन्स क्रँडल या शिक्षिकेला कोर्टात खेचलं होतं. त्यामुळे निकाल विरुद्ध जाणार असं सगळे धरून होते. राष्ट्राध्यक्ष व्हॅन ब्युरेन यांनी तर ‘ग्रँपस’ हे जहाज न्यू हेवनला तयार ठेवलं होतं, अपील होण्याआधी माणसं क्युबाला पाठवायला. १३ जानेवारी १८४० ला जडसननी निकाल दिला: ही माणसं आफ्रिकेतून बेकायदा आणली आहेत, परत आफ्रिकेला पाठवा. असा माणूस असा निकाल देतो, ही आयती नाट्यमय गोष्ट पटकथेने का सोडली, मला कळलेलं नाही.

ॲडम्सचं भाषण खरं आहे का?

सरकारने अपील केलं तेव्हा माजी राष्ट्राध्यक्ष जॉन क्विन्सी ॲडम्स बंदिवानांच्या बाजूने सर्वोच्च न्यायालयात उभे राहिले हे खरं. वय ७३. दोन दिवस मिळून साडेआठ तास बोलले. मध्ये एका न्यायमूर्तींचं निधन झालं म्हणून काम काही दिवस थांबलं होतं. अँथनी हॉपकिन्स ते काही मिनिटांत आटोपतो आणि वाक्यंही बरीचशी पटकथेची. स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याकडे बोट दाखवणं अस्सल. सिंके ॲडम्सच्या घरी येतो, झाडांजवळ दोघं उभे राहतात, पूर्वजांना हाक मारण्याची गोष्ट निघते, हे सगळं कल्पित.

एक गंमत: निकाल वाचणारे न्यायमूर्ती स्टोरी यांच्या भूमिकेत हॅरी ब्लॅकमन आहेत, अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाचे खरेखुरे निवृत्त न्यायमूर्ती.

म्हणजे कोर्टाने गुलामगिरी अन्याय्य ठरवली, असंच ना?

नाही, आणि चित्रपटाशी माझं मुख्य भांडण इथेच आहे. ९ मार्च १८४१ च्या निकालाचा अर्थ एवढाच: ही माणसं स्पेनच्याच कायद्याप्रमाणे कधी गुलाम नव्हती, म्हणून ती मोकळी. गुलामगिरीला धक्का नाही. सोळा वर्षांनी याच न्यायालयाने ड्रेड स्कॉट खटल्यात कृष्णवर्णीय माणूस अमेरिकेचा नागरिक होऊ शकत नाही असं सांगितलं. चित्रपट मात्र शेवटच्या पाट्यांत अमिस्तादचा धागा यादवी युद्धापर्यंत ताणतो.

अँटोनिओची गोष्ट बघा म्हणजे कळेल. तो मारल्या गेलेल्या कप्तानाचा गुलाम, गलबतावरचा पोरगा. त्याचे कागद खरे होते. म्हणून कोर्टाने काय सांगितलं? याला क्युबाला, मालकाच्या वारसांकडे परत पाठवा. त्याच गलबतावरचा, त्याच तुरुंगात राहिलेला मुलगा. चळवळीतल्या लोकांनी त्याला गुपचूप कॅनडाला पोहोचवलं म्हणून तो वाचला. ही गोष्ट चित्रपटात नाही. ती घातली असती तर शेवटच्या टाळ्या वाजल्या नसत्या.

‘गिव्ह अस फ्री’ असं सिंके कोर्टात ओरडला होता?

पडद्यावर अंगावर काटा येतो. प्रत्यक्षात असं ओरडल्याची नोंद नाही. पण काले नावाच्या मुलाने तुरुंगात इंग्रजी शिकून जानेवारी १८४१ मध्ये ॲडम्सना पत्र लिहिलं, ते उपलब्ध आहे. आम्हाला मोकळं करा एवढंच हवंय, असं त्यात आहे. मला त्यातली दुसरी गोष्ट जास्त आवडते. कोर्टाने विचारलं, मेंडे लोकांना अमेरिकेत कुणी आणलं, तर सांगा, आम्ही स्वतःच स्वतःला आणलं, सुकाणू आमच्याच माणसाच्या हाती होतं. साडेआठ तासांच्या भाषणाला हे उत्तर पुरून उरतं.

गोऱ्या उद्धारकांची गोष्ट, हा आक्षेप बरोबर आहे का?

बऱ्याच अंशी. पहिला अर्धा तास सिंकेचा आहे, नंतर तो हळूहळू वकिलांच्या मागच्या बाकावर जातो. तरी स्पीलबर्गने त्याला दयेचा विषय केलेलं नाही. तो उलटतपासणी घेतल्यासारखा वकिलाला प्रश्न विचारतो, कायदा म्हणजे नेमकं काय, बोलतात तसं करत नसाल तर बोलता कशाला? मेंडे भाषेत ‘असायला हवं’ असा शब्दच नाही, एक तर करतो नाहीतर नाही, असा तो संवाद आहे. भाषाशास्त्र म्हणून त्यावर विसंबू नका. नाटक म्हणून चोख.

एक गोष्ट वगळली गेली ती अशी: न्यू हेवनच्या तुरुंगात यांना बघायला हजारो लोक आले आणि जेलर तिकीट लावून आत सोडी. पैसे कमावणारे आणि कळवळा असणारे एकाच रांगेत उभे होते.

निकालानंतर ते लगेच घरी गेले?

चित्रपटात निकालानंतर जहाजच दिसतं. प्रत्यक्षात सरकारने परतीचा खर्च दिला नाही. मार्चमध्ये सुटलेली माणसं कनेटिकटमधल्या फार्मिंग्टन गावी राहिली, शेत कसलं, सभांतून फिरून आपलीच कहाणी सांगत तिकिटाचे पैसे जमवले. त्यांच्यातला एकजण, फूने, तिथेच कालव्यात बुडून गेला. नोव्हेंबर १८४१ मध्ये जहाज निघालं आणि पुढच्या जानेवारीत फ्रीटाउनला लागलं. ५३ पैकी परतले ३५.

सिंके पुढे स्वतःच गुलामांचा व्यापारी झाला, असं वाचलंय. खरं?

आधार नाही. एकाचं वाचून दुसऱ्याने लिहिलेली ही अफवा आहे. इंटरनेटवर ती मरत नाही.

लोंबोकोचा कोट तोफांनी उडवतात, ते?

उडवला, ब्रिटिशांनीच, पण निकालाच्या आधी, १८४० मध्ये. चित्रपटाने क्रम बदलला.

आपल्याकडे असला व्यापार होता का?

होता, आणि इतका जवळ की चित्रपटानंतर गप्पा हमखास तिकडे वळतात. पोर्तुगीज मोझांबिकमधून माणसं आणून गोव्यात विकत. त्याआधीपासून अरब व्यापाऱ्यांमार्फत हबशी दख्खनला येत. इथिओपियातून विकला गेलेला एक मुलगा, मलिक अंबर, अहमदनगरच्या निजामशाहीचा कर्ताधर्ता झाला, त्याने खडकी (पुढचं औरंगाबाद) वसवली आणि शहाजीराजे त्याच्यासोबत लढले. जंजिऱ्याचे सिद्दीही याच इतिहासातले. यावरून कुणी ‘आपली गुलामगिरी बरी होती’ असं म्हणू लागला की मी पेशवाईतल्या कुणबिणींच्या, म्हणजे गुलाम बायकांच्या, खरेदी-विक्रीची आठवण देतो. वजीर झालेला एकच नाव ठेवून जातो. बटकी म्हणून विकलेलीचं नाव फार तर हिशेबाच्या वहीत येतं, किमतीसकट.

आणि जोतीराव फुल्यांनी १८७३ चं ‘गुलामगिरी’ हे पुस्तक अर्पण केलं ते अमेरिकेतल्या, गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या सज्जनांना. फुल्यांना त्या चळवळीची ओळख पुण्यात बसून होती. आपल्याला ‘अमिस्ताद’ हे नाव कळायला १९९७ उजाडलं.

मुलांना दाखवावा का?

दहावीपुढच्यांना, सोबत बसून. जहाजाच्या तळातला भाग कठीण आहे, नग्नता आहे, बंडाच्या रात्री तलवारीने मारणंही सविस्तर आहे. लांबी अडीच तासांवर. कोर्टाच्या मधल्या भागात पोरं मोबाइल काढतात, मोठेही काढतात.

त्या चार मुलांचं काय झालं?

चित्रपटात ती कडेकडेने दिसतात, एवढंच. त्यातली एक मुलगी मार्ग्रू. ती सगळ्यांबरोबर आफ्रिकेला परतली आणि काही वर्षांनी पुन्हा समुद्र ओलांडून अमेरिकेत आली, या खेपेला शिकायला. ओहायोतल्या ओबर्लिनमध्ये ती सारा किन्सन या नावाने शिकली आणि परत जाऊन सिएरा लिओनमध्ये मुलींना शिकवू लागली.